स्टायव्हेसंट टाउन: भाडेकरू किती वेगाने घर सोडतील, या एका आकड्यावर उभा राहिलेला 5.4 अब्ज डॉलरचा प्रस्ताव

मालमत्तेत पैसे घालायचा प्रस्ताव कसा तपासावा असं कुणी विचारलं की मी स्टायव्हेसंट टाउनचं प्रकरण काढून बसतो. यात कुणी खोटे कागद केले नव्हते. इमारती जागेवर उभ्या होत्या, त्यांत माणसं राहत होती, भाडं दरमहा येत होतं. खरेदीदार नामांकित होते, कर्ज देणाऱ्या बँका मोठ्या होत्या आणि पैसे घालणारे होते पेन्शन फंड आणि सरकारी निधी, म्हणजे ज्यांच्याकडे तपासणीसाठी माणसंही असतात आणि वेळही. जागा तर थेट मॅनहॅटनमधली. तरीही व्यवहार पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं दोन महिन्यांत भागभांडवल पूर्ण बुडालं.

ज्या आकड्यांमुळे ते बुडालं ते पहिल्या दिवसापासून कागदावर होते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला इतकं मोलाचं वाटतं. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही सही व्हायच्या आधी त्यातला धोका दिसू शकला असता.

वसाहत आणि तिथला भाड्याचा नियम

मॅनहॅटनच्या पूर्व बाजूला, 14व्या रस्त्यापासून 23व्या रस्त्यापर्यंत सुमारे 80 एकरांवर स्टायव्हेसंट टाउन आणि पीटर कूपर व्हिलेज ही जोडवसाहत आहे. लाल विटांच्या सरळसोट इमारती, मधून पायवाटा, जुनी झाडं, मधोमध लंबगोल हिरवळ आणि कारंजं. 11,200हून जास्त घरं, सुमारे 25,000 रहिवासी. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने 1940च्या दशकात ती बांधली आणि 1947 मध्ये ती खुली झाली. शिक्षक, नर्स, पोलीस, अग्निशमन दलातले कर्मचारी अशा मध्यम मिळकतीच्या लोकांना मॅनहॅटनमध्ये राहता येईल अशी ती जागा होती. अनेक कुटुंबं तिथे दशकानुदशकं राहत आली.

2006च्या उन्हाळ्यात ही कंपनी, म्हणजे आताची मेटलाइफ, हे संकुल विकायला निघाली. त्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश घरं भाडेनियंत्रणाखाली होती. या घरांचं भाडं वर्षाला किती वाढवायचं ते शहराचं मंडळ ठरवतं आणि भाडेकरूला कराराचं नूतनीकरण मागण्याचा हक्क असतो. उरलेली घरं बाजारभावाने भाड्याने दिलेली होती. एकाच मजल्यावर, एकसारख्या खोल्यांची दोन घरं असायची आणि त्यांच्या भाड्यात दुपटीचा फरक असू शकायचा.

नियंत्रित घर बाजारभावाकडे नेण्याच्या वाटा त्या वेळच्या कायद्यात होत्या. घर रिकामं झालं आणि त्याचं कायदेशीर भाडं महिन्याला 2,000 डॉलरवर पोहोचलं की ते नियंत्रणातून बाहेर काढता येत असे. भाडेकरू राहत असतानाही, भाडं तेवढं झालेलं असेल आणि त्यात राहणाऱ्या कुटुंबाचं उत्पन्न सलग दोन वर्षं 1,75,000 डॉलरच्या वर असेल, तर तसं करता येत असे. खरी मोठी वाट पहिलीच.

ती एका घरापुरती मांडून बघू. समजा, एका नियंत्रित घराचं भाडं 1,300 डॉलर आहे. भाडेकरू सोडून गेला. नव्या दोन वर्षांच्या करारावर मालकाला 20 टक्के वाढ घेता येई, म्हणजे 1,560. घरात केलेल्या सुधारणांच्या खर्चाचा चाळिसावा भाग मासिक भाड्यात कायमचा जोडता येई. 2,000 गाठायला 440 कमी पडतात, 440 गुणिले 40 म्हणजे 17,600 डॉलर. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नवं करण्यात तेवढे खर्च केले की रेघ ओलांडली. पुढचा भाडेकरू बाजार देईल ते भाडं देईल, समजा 3,000. एका घरामागे वर्षाला वीस हजार डॉलरची वाढ, आणि तीही 17,600 डॉलर एकदाच खर्चून.

हे गणित खरोखर मोहात पाडणारं आहे. एक घर समोर ठेवलं तर त्यात चूक सापडत नाही. या गणितातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द मात्र अगदी सुरुवातीला येऊन जातो आणि वाचणाऱ्याची नजर त्यावर ठरत नाही: भाडेकरू सोडून गेला.

प्रस्ताव

17 ऑक्टोबर 2006 रोजी विजेती बोली जाहीर झाली. टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉकची मालमत्ता शाखा यांनी मिळून 5.4 अब्ज डॉलर देऊ केले. एका मालमत्तेचा त्या वेळपर्यंतचा अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा व्यवहार होता. रहिवाशांनीही नगरसेवक डॅनियल गारॉडनिक यांच्या पुढाकाराने स्वतःची बोली लावली होती, सुमारे 4.5 अब्जाची. ती मागे पडली.

व्यवहाराचा खर्च आणि राखीव निधी धरून एकूण जुळवणी 6.3 अब्जांची झाली. त्यातले 3 अब्ज वॅकोव्हिया आणि मेरिल लिंच यांनी दिलेलं पहिल्या गहाणाचं कर्ज. त्याच्याखाली 1.4 अब्जांचं मेझनिन कर्ज. मेझनिन देणाऱ्याकडे इमारत गहाण नसते, इमारतीची मालकी ज्या कंपनीकडे असते तिचे हिस्से गहाण असतात. म्हणून त्याचा नंबर पहिलं कर्ज देणाऱ्यानंतर लागतो. उरलेलं सुमारे 1.9 अब्ज भागभांडवल. आधी पहिल्या कर्जाचं देणं, मग मेझनिनचं, आणि त्यातून काही उरलं तर भागभांडवलाचं.

या 1.9 अब्जांत दोन्ही प्रवर्तकांचे स्वतःचे प्रत्येकी 11.25 कोटी डॉलर होते. दोघांचे मिळून 22.5 कोटी, म्हणजे 6.3 अब्जांच्या जुळवणीत चार टक्क्यांपेक्षाही कमी. बाकीचे पैसे आणलेले होते. अशा रचनेत साधारणपणे प्रवर्तकाला व्यवस्थापनाची फी मिळत राहते आणि नफा ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला त्याच्या पैशाच्या प्रमाणापेक्षा मोठा वाटा मिळतो. बुडालं तर मात्र तो घातलेल्या पैशापुरताच बुडतो. ही रचना बेकायदेशीर नाही, सर्रास वापरली जाते. पण प्रवर्तक कोणता धोका पत्करायला तयार होईल हे तीच ठरवते. म्हणून प्रस्तावात मी नफ्याच्या पानाआधी हे पान बघतो.

कागद हातात घेतल्यावर

2006 मध्ये संकुलाचं निव्वळ उत्पन्न, म्हणजे सगळा खर्च वजा जाता पण व्याज देण्याआधी हातात राहणारी रक्कम, सुमारे 11.2 कोटी डॉलर होतं. प्रस्तावात 2011 सालचं उत्पन्न धरलं होतं 33.6 कोटी. पाच वर्षांत तिप्पट.

आधी आजच्या उत्पन्नाला किमतीने भागतो. 11.2 कोटी भागिले 540 कोटी: 2 टक्क्यांच्या किंचित वर. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारचे दहा वर्षांचे रोखे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास देत होते, आणि तेही भाडेकरू, गळती, कोर्टकचेरी यांतलं काही न सांभाळता. खरेदीसाठी काढलेल्या पहिल्या कर्जाचा दर 6.4 टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे 6.4 टक्क्यांनी पैसे उचलून 2 टक्के देणारी वस्तू घेतली जात होती. कर्ज काढून नफा वाढतो तो वस्तूचं उत्पन्न व्याजदरापेक्षा जास्त असेल तेव्हा. इथे कर्जाचा प्रत्येक डॉलर पहिल्या दिवसापासून खड्डा मोठा करत होता, आणि उद्याचं वाढलेलं उत्पन्न तो भरून काढेल असा भरवसा होता.

एवढ्यावरून प्रस्ताव फेटाळावा असं मी म्हणणार नाही. कमी उत्पन्नाची मालमत्ता घेऊन ती सुधारणं हा मालमत्ता व्यवसायातला खराखुरा, मेहनतीचा मार्ग आहे. पण मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: आजचं उत्पन्न आणि उद्याचं उत्पन्न यांच्या मधल्या काळात व्याज कुठून देणार?

त्यासाठी राखीव निधी होता, एकूण सुमारे 65 कोटी डॉलर. त्यातला मोठा हिस्सा व्याजाची तूट भरायला आणि उरलेला दुरुस्त्या वगैरेंसाठी. आता पूर्ण 4.4 अब्ज कर्जावर 6.4 टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज 28 कोटींच्या वर जातं. उत्पन्न 11.2 कोटी. तूट वर्षाला सुमारे 17 कोटी. उत्पन्न जागेवरच राहिलं तर 65 कोटींतला एकही डॉलर दुरुस्तीला न वापरता, सगळेच्या सगळे व्याजात ओतले तरी ते चार वर्षं पुरत नाहीत. आणि दुरुस्ती तर करायचीच होती, कारण दुरुस्तीशिवाय भाडं 2,000ची रेघ ओलांडत नव्हतं. ज्या कामातून उत्पन्न वाढायचं ते काम आणि तोपर्यंत तग धरायची शिदोरी, दोन्ही एकाच पिशवीतून.

व्यवहार नोव्हेंबर 2006 मध्ये पूर्ण झाला. जानेवारी 2010 मध्ये हप्ता चुकला. प्रस्तावात तारीख छापलेली नव्हती, पण त्यातले तीन आकडे शेजारी मांडले की ती दिसत होती.

तिसरी गोष्ट बँकांच्या कागदातली. कर्ज देताना उत्पन्न व्याजाच्या किती पट आहे ते बघतात. पहिल्या कर्जासाठी ते प्रमाण 1.73 दाखवलं होतं, म्हणजे भरपूर सुरक्षित. 3 अब्जांवर 6.4 टक्के म्हणजे साधारण 19.3 कोटी व्याज. त्याच्या 1.73 पट किती होतात? जवळपास 33.6 कोटी. म्हणजे हे प्रमाण 2011च्या अपेक्षित उत्पन्नावर काढलेलं होतं. हातातल्या 11.2 कोटींवर काढलं तर पहिल्या कर्जापुरतं ते 0.58 येतं आणि दोन्ही कर्जं धरून 0.40. जे उत्पन्न अजून कुणी दिलेलं नाही, जे मिळण्यासाठी हजारो कुटुंबांनी घर सोडायला हवं, ते आलंच आहे असं धरून कर्ज सुरक्षित ठरवलं गेलं. आणि ते पुढे रोख्यांच्या पाच गठ्ठ्यांत विभागून विकलं गेलं.

कोणताही प्रस्ताव वाचताना गुणोत्तर दिसलं की मी त्याच्या अंशात कोणत्या वर्षाचा आकडा आहे ते शोधतो. ही सवय मला याच प्रकरणाने लावली.

किती लोकांनी जायला हवं होतं

आता मुख्य आकडा. उत्पन्न 11.2 वरून 33.6 कोटींवर जायचं म्हणजे 22.4 कोटींची वाढ. पुढचं गणित माझं, अंदाजाचं, आणि मी ते मुद्दाम खरेदीदाराच्या बाजूने झुकवून मांडतो आहे. बाजारभावाच्या घरांचं भाडं चढेल, नियंत्रित घरांनाही वार्षिक वाढ मिळेल, खर्चात बचत होईल. या सगळ्यातून पाच वर्षांत 8 कोटी मिळाले असं धरू. उरले 14.4 कोटी. ते नियंत्रणातून बाहेर काढलेल्या घरांमधून यायला हवेत. प्रत्येक घरामागे महिन्याला 2,000 डॉलर जादा मिळतात असं धरलं, वरच्या उदाहरणापेक्षाही जास्त, तर घरामागे वर्षाला 24,000. 14.4 कोटी भागिले 24,000 म्हणजे 6,000 घरं.

नियंत्रित घरं होती आठ हजारांच्या थोडी वर. त्यातली 6,000 पाच वर्षांत रिकामी व्हायला हवी होती. वर्षाला 1,200, म्हणजे साधारण 15 टक्के.

प्रत्यक्षात तिथे वर्षाला सुमारे 6 टक्के घरं रिकामी होत होती. 6 टक्क्यांनी पाच वर्षांत होतात अडीच हजारांच्या आत. त्यांचे 24,000 प्रमाणे झाले 5.9 कोटी. त्यात मघाचे 8 कोटी आणि मूळचे 11.2 मिळवले तर 25 कोटी. पाचव्या वर्षी, सगळं खरेदीदाराच्या मनासारखं धरूनसुद्धा, 28 कोटींचं व्याज भागत नाही. मुद्दल तर अजून जसंच्या तसं शिल्लक, कारण पहिलं कर्ज फक्त व्याज भरण्याचं होतं.

खरेदीदारांनी धरलेला वेग जुन्या वेगाच्या दुपटीच्या आसपास होता, हे नंतर उघड झालं. पण त्यासाठी आतली कागदपत्रं लागत नव्हती. उत्पन्नाच्या दोन आकड्यांवरून मागे येत गेलं की तो वेग हाताला लागतो. आणि तो हाताला लागला की प्रश्न मालमत्तेचा राहत नाही, माणसांचा होतो. मॅनहॅटनमध्ये निम्म्या भाड्यात, झाडांच्या सावलीत, मुलांच्या शाळेजवळ राहणारं कुटुंब घर का सोडेल? बाजारभाव जितका वाढेल तितकं त्याला हे घर सोडणं महाग पडेल. म्हणजे ज्या गोष्टीमुळे गुंतवणूकदाराचा नफा वाढणार होता, तीच गोष्ट भाडेकरूला घराला चिकटून राहायला लावत होती. या दोन गोष्टी उलट दिशांना ओढतात, आणि प्रस्तावात त्या एकाच दिशेला चाललेल्या दाखवल्या होत्या. मला या सगळ्या प्रकरणातली मूळ चूक हीच वाटते.

वेग वाढवायला मग एकच उपाय उरतो: जे जात नाहीत त्यांना जायला लावणं. नव्या मालकाने शेकडो भाडेकरूंना नोटिसा पाठवल्या की हे तुमचं मुख्य राहण्याचं ठिकाण नाही, नूतनीकरण होणार नाही. काही प्रकरणांत आक्षेप खरे असतील. पण रहिवासी संघटित होते, आपसांत बोलत होते, वकील गाठत होते. त्यांची स्वतःची बोली 4.5 अब्जांवर थांबली होती हे मला नेहमी आठवतं. इथून किती लोक जातील हे त्या वसाहतीत राहणाऱ्यांइतकं कुणाला ठाऊक असणार?

कर सवलतीची अट

खरेदीनंतर थोड्याच काळात, जानेवारी 2007 मध्ये, काही भाडेकरूंनी दावा दाखल केला. मुद्दा असा: इमारतींच्या दुरुस्तीसाठी मालकाने 1992पासून जे-51 नावाच्या योजनेखाली मालमत्ता करात सवलत घेतली होती, एकूण जवळपास 2.5 कोटी डॉलर. ही सवलत घेणाऱ्या इमारतींतली घरं भाडेनियंत्रणात ठेवावी लागतात. मग त्याच काळात हजारो घरं नियंत्रणातून बाहेर काढली कशी?

खरेदीदारांची बाजू कमकुवत नव्हती. राज्याच्या गृहनिर्माण खात्याने वर्षानुवर्षं असाच अर्थ लावला होता की आधीपासून नियंत्रित असलेल्या इमारतींना ही अडचण येत नाही. खालच्या न्यायालयाने 2007 मध्ये दावा फेटाळलाही. मार्च 2009 मध्ये अपिलात तो निर्णय फिरला आणि 22 ऑक्टोबर 2009 रोजी न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने 4 विरुद्ध 2 मतांनी भाडेकरूंच्या बाजूने निकाल दिला. सुमारे 4,400 घरं परत नियंत्रणाखाली आली.

हा निकाल आधी ओळखता आला असता का? नक्की नाही. पण एक गोष्ट करता आली असती. संपूर्ण नफा ज्या एका हक्कावर उभा आहे, तो हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे की एखाद्या खात्याने लावलेल्या अर्थावर उभा आहे, एवढं विचारता आलं असतं. खात्याचा अर्थ न्यायालयात बदलू शकतो. तो बदलला तर काय, याचा एक रकाना कोष्टकात हवा होता. कर सवलत घेतली होती ही माहिती लपलेली नव्हती.

अनेक जण या निकालावर आणि 2008च्या आर्थिक संकटावर बोट ठेवतात. मला ते अर्धवट वाटतं. मंदीत मॅनहॅटनची भाडी उतरली, पुन्हा कर्ज मिळणं बंद झालं, हे खरं. पण निकाल आला तेव्हा राखीव निधी जवळपास तळाला गेलेला होता. तीन वर्षांनंतरही निव्वळ उत्पन्न 14 कोटींच्या आसपास घुटमळत होतं. बाजार चांगला असता आणि न्यायालयाने उलट निर्णय दिला असता, तर त्यांना मुदत वाढवून मिळाली असती, नवं कर्ज मिळालं असतं, कदाचित नवा खरेदीदारही सापडला असता. घरं मात्र त्या वेगाने रिकामी झाली नसती.

हप्ता चुकला त्यानंतर

8 जानेवारी 2010 रोजी पहिल्या कर्जाचा 1.61 कोटी डॉलरचा हप्ता भरला गेला नाही. 25 जानेवारीला खरेदीदारांनी संकुल कर्ज देणाऱ्यांच्या ताब्यात द्यायचं ठरवल्याचं जाहीर केलं. फिच या मानांकन संस्थेने काही महिने आधी त्याची किंमत 1.8 अब्ज डॉलर धरली होती, खरेदीच्या एक तृतीयांश. खरं तर किंमत एवढी उतरायची गरजच नव्हती. 5.4 अब्जांच्या वस्तूवर 4.4 अब्ज कर्ज असेल तर किंमत 19 टक्क्यांनी घसरली की भागभांडवल संपतं.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॅलपर्स या पेन्शन फंडाचे 50 कोटी डॉलर गेले. तिथल्याच शिक्षकांच्या कॅलस्टर्सचे 10 कोटी, फ्लोरिडाच्या पेन्शन निधीचे 25 कोटी. चर्च ऑफ इंग्लंडचे 4 कोटी पौंड. सिंगापूरच्या जीआयसी या सरकारी संस्थेने मेझनिन कर्ज आणि भागभांडवल दोन्हीकडून पैसे घातले होते. मेझनिनची अवस्था अशी झाली की ऑगस्ट 2010 मध्ये त्यातलं 30 कोटींचं कर्ज फक्त 4.5 कोटींना विकलं गेलं, डॉलरमागे 15 सेंट.

या यादीत मला सगळ्यात जास्त टोचतात ते शिक्षकांचे पैसे. एका राज्यातल्या शिक्षकांच्या म्हातारपणाची पुंजी अशा योजनेत गेली होती जी यशस्वी व्हायला दुसऱ्या राज्यातल्या शिक्षकांना आणि नर्सना घराबाहेर पडावं लागणार होतं. योजना फसली म्हणून पुंजी बुडाली, आणि योजना फळली असती तर घरं गेली असती. हे कुणाच्याच कोष्टकात येत नाही, पण प्रस्ताव तपासणाऱ्याच्या नजरेत यायला हवं होतं. केवळ नीतीचा प्रश्न म्हणून हे मी म्हणत नाही. हजारो माणसांच्या इच्छेविरुद्ध जाणाऱ्या योजनेला ती माणसं विरोध करणार, तो खटल्यात, वर्तमानपत्रांत आणि निवडणुकीत दिसणार, आणि त्याची किंमत व्याजाच्या प्रत्येक महिन्यात मोजावी लागणार. तो आर्थिक धोकाच आहे.

आणि इतक्या मोठ्या संस्थांपैकी प्रत्येकीने बहुधा दुसरीकडे पाहून धीर धरला असणार, असं मला वाटतं. शेजारच्या खुर्चीत मोठं नाव बसलेलं असलं की आपला भागाकार करायचा राहून जातो.

2015

ताबा गेल्यावर सीडब्ल्यूकॅपिटल ही कंपनी कर्ज देणाऱ्यांच्या वतीने संकुल सांभाळत राहिली. 2012 मध्ये भाडेकरूंच्या दाव्यात सुमारे 6.9 कोटी डॉलरची तडजोड झाली. मग ऑक्टोबर 2015 मध्ये ब्लॅकस्टोन आणि कॅनडातल्या इव्हानोए केम्ब्रिज यांनी हेच संकुल सुमारे 5.3 अब्ज डॉलरला घेतलं. नऊ वर्षांनी किंमत जवळपास मूळ जागी परत आली होती.

मालमत्तेची किंमत आज ना उद्या वर येतेच असं म्हणणाऱ्यांना मी हा आकडा दाखवतो. आली ना वर. पहिल्या गहाणावर कर्ज देणाऱ्यांचं मुद्दल वसूल झालं. 2006च्या भागभांडवलदारांच्या हाती मात्र त्यातलं काहीच लागलं नाही, कारण 2010 साली त्यांची मालकी संपली होती. थांबायला लागणारे पैसे नव्हतेच, होते ते उधारीचे, आणि त्यांचं व्याज दर महिन्याला चालू होतं.

2015चा व्यवहार कागदावरही वेगळा दिसतो. नव्या खरेदीदारांनी शहराशी करार केला की 5,000 घरं पुढची 20 वर्षं मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवली जातील. त्या बदल्यात शहराने 14.4 कोटी डॉलरचं स्वस्त कर्ज दिलं आणि गहाण नोंदणीचा 7.7 कोटींचा कर माफ केला. म्हणजे या वेळी निम्म्याच्या जवळपास घरांत भाडेकरू राहणारच आहेत असं धरून हिशोब सुरू झाला.

जून 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्याने नवा भाडेकायदा केला. रिकामं झालेलं घर ठरावीक भाड्याच्या वर गेलं म्हणून नियंत्रणातून बाहेर काढायची वाट त्याने बंद केली, नव्या करारावरची 20 टक्के वाढही काढून टाकली. वर मांडलेलं 1,300, 1,560 आणि 17,600चं गणित आता तिथे करता येत नाही.